स्विफ्टला कोन फिल्टर आणि कोल्ड एअर इनटेक: खंबाटकीला फरक पडेल का?

ओम्या_स्विफ्टवाला (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१६ ची, ६२ हजार चाललीय. बाबांची होती, गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे आहे. दर महिन्याला साताऱ्याला जाणं होतं आणि खंबाटकीला चार माणसं, डिकीत तांदळाचं पोतं आणि एसी असं सगळं असलं की गाडी अक्षरशः रडते. परवा तर मागून एसटीने हॉर्न दिला, एसटीने!! बायको म्हणाली आपण उतरून ढकलूया का.

एका गॅरेजवाल्याला दाखवली (नाव लिहीत नाही). तो म्हणाला कंपनीचा एअर बॉक्स (एअर फिल्टरचा डबा) म्हणजे इंजिनाचं नाक दाबून ठेवल्यासारखं आहे, तो काढून टाकू, कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) आणि जाड पाईप टाकू, १४ हजार, ८ ते १० हॉर्सपॉवर वाढणार म्हणजे वाढणार. ऐकायला बरं वाटलं पण १४ हजार आहेत म्हणून विचारतोय. कुणी केलंय का? खरंच फरक पडतो का?

सदाशिव_पेठकर · सोमवार, रात्री ९:५२

८ हॉर्सपॉवर १४ हजारात म्हणजे घोडा पावणेदोन हजाराला पडला. इतक्या स्वस्तात तर लग्नात वरातीचा घोडा तासाभरालासुद्धा मिळत नाही. घेऊन टाका.

(हलके घ्या.)

गिअरवाली_गीता · सोमवार, रात्री १०:०३

घाटात कितव्या गिअरला चालवता आणि आरपीएम किती असतो?

चाकणची_पोलो · सोमवार, रात्री १०:११

भावा कर बिनधास्त. माझ्या पोलो टीएसआयला ओपन इनटेक आहे तीन वर्षं झाली, पाय दाबला की टर्बोचा जो फुसकारा येतो ना, पैसा वसूल. गाडी पूर्ण वेगळी वाटते. लोक उगाच घाबरवतात इथे.

ठाण्याहून_सप्रेम · सोमवार, रात्री १०:१५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लॅम्बडा · सोमवार, रात्री १०:३४

@चाकणची_पोलो, तुमची टर्बो आहे, धागाकर्त्याची बिनटर्बोची, साधी नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड आहे, दोन्हीची तुलनाच होत नाही. टर्बो गाडीत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो की मला इतका बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब) पाहिजे, वाट मोकळी असली की टर्बोला तेवढ्याच बूस्टसाठी थोडे कमी कष्ट पडतात, पण कंपनीच्या मूळ सेटिंगवर बूस्टचं टार्गेट तेच राहतं, त्यामुळे पॉवरही जवळपास तीच. तुम्ही रीमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं) केलाय का? खरं सांगा.

चाकणची_पोलो · सोमवार, रात्री १०:३८

हो म्हणजे रीमॅप पण आहे 😅

लॅम्बडा · सोमवार, रात्री १०:४१

मग झालं तर. वेगळी वाटते ती रीमॅपमुळे. छोट्या टर्बो पेट्रोलला नुसत्या सॉफ्टवेअरने वीस-पंचवीस टक्के मिळू शकतात, आणि श्रेय घेतोय फुसकारा.

नाना_पेठ_आरएक्स · सोमवार, रात्री ११:०२

जुनी आठवण आली राव. कॉलेजला असताना आरएक्स १०० होती, ९८ सीसी, टू स्ट्रोक, काय गाडी होती. नाना पेठेतून पॉड फिल्टर (असाच उघडा फिल्टर) आणला, एअर बॉक्स काढून फेकला आणि लगेच दिवे घाटात घेऊन गेलो मित्राला दाखवायला. आवाज असा की सासवडपर्यंत ऐकू जावा. अर्ध्या घाटात आवाज एकदम बदलला, मग किंचाळली आणि मागचं चाक जाम. पिस्टन सीझ. मिस्त्रीने प्लग काढून दाखवला, पांढरा फटक. म्हणे प्लग बदामी पाहिजे, हा चुन्यासारखा झालाय, हवा वाढवलीस पण जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) कोण मोठा करणार, तुझा आजा? पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून चालवलेल्या टू स्ट्रोकला तर पेट्रोल कमी म्हणजे ऑईलपण कमी, दुहेरी मार.

त्या दिवशी घाट उतरताना गाडी न्यूट्रलला होती आणि मी शांत.

स्पॅनर_काका · मंगळवार, सकाळी ६:२०

ओम्या, मी पिंपरीत इंजिन टेस्ट सेलमध्ये ३१ वर्षं काढली, आता रिटायर, सकाळी लवकर जाग येते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गॅरेजवाला पूर्ण खोटं बोलत नाहीये. इंजिन म्हणजे हवेचा पंपच. जेवढी हवा आत, त्या हिशोबात पेट्रोल (वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, फुल थ्रॉटलला, म्हणजे पाय पूर्ण दाबून हवेची झडप सताड उघडली की, थोडं जास्त), आणि त्या हिशोबात ताकद. तुझं इंजिन ११९७ सीसी, फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरणार. ६००० आरपीएमला धरलं तर कागदावर मिनिटाला साडेतीन हजार लिटरच्या वर, प्रत्यक्षात तीन हजारांच्या आसपास हवा आत जाते. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या दर मिनिटाला त्या मनगटाएवढ्या पाईपातून. त्यामुळे वाटेत अडथळा असेल तर तो लागतोच, हे खरं.

प्रश्न एवढाच की अडथळा आहे किती. तो मोजता येतो, आणि मोजायला शंभर रुपये लागतात. गवंडी लोक लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतात ना, ती घे. यू आकारात फळीला बांध, अर्धी पाण्याने भर. एक टोक उघडं, दुसरं टोक फिल्टरनंतरच्या आणि थ्रॉटलच्या आधीच्या पाईपाला. तिथे इंजिनाकडून ब्रीदरची बारीक नळी येते, तिला टी टाकलास तरी चालतं. रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबून ५५००-६००० पर्यंत न्यायचं आणि शेजारच्याने नळीचा व्हिडिओ काढायचा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीत जेवढा फरक, तेवढा तुझ्या पूर्ण इनटेकचा अडथळा.

आता हिशोब. आपल्या पुण्यातल्या हवेचा दाब म्हणजे साधारण साडेनऊ मीटर पाण्याचा स्तंभ. समजा फरक २० सेंटिमीटर आला, तर तो झाला २ टक्के. म्हणजे तू फिल्टर, डबा, पाईप सगळं फेकून इंजिन उघड्या नाकाने चालवलंस तरी जास्तीत जास्त २ टक्के मिळणार, ८४ हॉर्सपॉवरवर पावणेदोन. ८ ते १० पाहिजे असतील तर नळीत मीटरभर फरक दिसायला हवा. तेवढा दिसला तर गॅरेजवाल्याला १४ हजार दे आणि वर पेढे दे.

एक इशारा. नळी थ्रॉटलच्या पलीकडे इंजिनाच्या बाजूला चुकूनही लावू नकोस. तिथे आयडलला इतका व्हॅक्यूम असतो की सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकेल.

सदाशिव_पेठकर · मंगळवार, सकाळी ८:१०

काका, दंडवत. सकाळी सहा वीसला एवढं लिहायचं म्हणजे टेस्ट सेल अजून सुटलेला नाही.

चक्रधर · मंगळवार, सकाळी ९:४५

मी ऑनलाईन तो इलेक्ट्रिक टर्बो मागवला होता ९०० रुपयांचा, पाईपात बसवायचा पंखा. त्याबद्दल काय मत काका?

स्पॅनर_काका · मंगळवार, सकाळी १०:०५

१२ व्होल्टवर चालणारा तो पंखा पन्नासेक वॉटचा असेल. खऱ्या सुपरचार्जरला फिरवायला इंजिन काही किलोवॅट खर्ची घालतं. तुझा पंखा फुल थ्रॉटलला हवा ढकलणार नाही, उलट इंजिनच त्याला ओढून फिरवेल, म्हणजे वाटेत आणखी एक अडथळा. काढून कॉम्प्युटरला लाव.

चक्रधर · मंगळवार, सकाळी १०:०७

कॉम्प्युटरलाच लावलाय. गाडीत आठवडाभरच होता, कुणाला सांगू नका.

अ‍ॅड_तळेगाव · मंगळवार, सकाळी ११:३०

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं होईल असा बदल करायचा नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. डब्यात बसणारा दुसऱ्या कंपनीचा पॅनल फिल्टर टाकला तर कुणी काही म्हणेल असं मला वाटत नाही, पण डबा काढून उघडा कोन लावणं म्हणजे बोनेट उघडताच दिसणारी गोष्ट. त्यात वॉरंटी आणि विमा दोघांच्या हातात आयतं कोलीत.

पाण्यात_म्हैस · मंगळवार, दुपारी १:१५

विम्याचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. आयडी असा का आहे ते पण कळेल.

मी ओम्यासारखाच, पण एक पाऊल पुढे. बोनेटखाली गरम हवा मिळते म्हणून पाईप खाली नेऊन कोन फिल्टर बंपरच्या आत, फॉग लॅम्पच्या मागे बसवला. खरा कोल्ड एअर इनटेक! उन्हाळाभर खूष होतो. मग जुलै आला. सिंहगड रोडला संध्याकाळी पाणी साठलेलं, फार नाही हो, अर्ध्या चाकाच्या खाली. पुढे रिक्षा आरामात गेली, मी तिच्या मागे. बरोबर मध्यावर गाडी बंद. आणि इथे मी गाढवपणा केला, परत स्टार्टर मारला. एकदा नाही तीनदा. तिसऱ्या वेळी 'टक्क' असा एकच आवाज आला. तो आवाज अजून कानात आहे.

दोन कनेक्टिंग रॉड (पिस्टनला खाली जोडणारे दांडे) वाकले होते. मेकॅनिकने टेबलावर काढून ठेवले, एक चांगला आणि एक वाकडा शेजारी शेजारी, वाकडा केळ्यासारखा नव्हता, अगदी किंचित, बघून कळणारही नाही असा, पण काचेवर ठेवला की डुलत होता. बिल सव्वा लाख. विमा कंपनी म्हणाली पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली की साध्या पॉलिसीत इंजिन बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन घेतलं नव्हतं, आणि असतं तरी सर्व्हेअरने खालच्या फिल्टरचे फोटो आधीच काढले होते.

स्पॅनर_काका · मंगळवार, दुपारी १:४०

पाणी दाबलं जात नाही ना, तिथेच घोळ होतो. १२०० सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात पिस्टन वर आला की एका सिलिंडरमध्ये उरते ती जागा जेमतेम ३० मिली. खोकल्याच्या औषधाची दोन-तीन झाकणं. एवढंसं पाणी आत गेलं तरी पिस्टनला वर यायला जागाच नाही, मग रॉड वाकतो. कंपनीने तोंड उगाच वर ठेवलेलं नसतं, बहुतेक गाड्यांना ते हेडलाईटच्या मागे किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ, बाहेरची गार हवा मिळेल आणि पाणी मिळणार नाही अशा जागी असतं. म्हणजे कोल्ड एअर इनटेक तुझ्याकडे आधीपासूनच आहे.

ठाण्याहून_सप्रेम · मंगळवार, दुपारी २:०५

पुण्यात भिडे पूल पाण्याखाली गेला की बातमी होते, आमच्याकडे पाणी साठलं नाही तर बातमी होते. आम्ही कोन फिल्टर लावत नाही, स्नॉर्केल (टपापर्यंत वर नेलेला हवेचा पाईप) लावतो.

चाकणची_पोलो · मंगळवार, दुपारी २:२०

बरं पाणी मान्य. पण बोनेटमध्येच वर लावला तर? शील्ड टाकून?

लॅम्बडा · मंगळवार, दुपारी ३:०२

मी लावून बघितलाय, माझ्या जुन्या गाडीला. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (ईसीयूचे आकडे मोबाईलवर दाखवतो तो) घ्या आणि इनटेक एअर टेम्परेचर बघत बसा, सगळी नशा उतरते. एप्रिलमध्ये विद्यापीठ चौकात, बाहेर ३७, स्टॉक डब्यात सिग्नलला ४८ दिसायचं. कोन लावल्यावर त्याच सिग्नलला ६६. चालत्या गाडीत खाली यायचं पण स्टॉकएवढं कधीच नाही. हवा दर १० डिग्रीला साधारण ३ टक्के विरळ होते. म्हणजे काकांच्या नळीने जे २ टक्के दिले असते ते सिग्नलला व्याजासकट परत. शील्डने थोडं सुधारलं, पण शील्ड चारी बाजूंनी नीट बंद करत गेलो तेव्हा लक्षात आलं की मी कंपनीचाच डबा पत्र्यात परत बनवतोय.

आणखी एक. मारुतीच्या या इंजिनात मॅप सेन्सर आहे, हवा थेट मोजत नाही, दाब आणि तापमानावरून अंदाज बांधते. साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू मिश्रण दुरुस्त करत राहतो पण पाय पूर्ण दाबला की तो आधीच भरून ठेवलेल्या आकड्यांच्या टेबलावर विसंबतो. इनटेक बदलून भरणं बदललं तर टेबल जुनंच, त्याला कोण सांगणार. ज्या गाड्यांत हॉट वायरचा, हवा थेट मोजणारा मॅफ सेन्सर आहे (बऱ्याच डिझेल) तिथे वेगळं दुखणं, ऑईल लावलेला कॉटन फिल्टर जास्त ऑईल लावून बसवला की ती तार माखते आणि रीडिंग बोंबलतं.

नाना_पेठ_आरएक्स · मंगळवार, दुपारी ४:३०

धूळ पण आहेच की. सध्या शहरात ज्या रस्त्याला जाल तिथे खोदकाम. मेट्रो, पूल, ड्रेनेज. कॉटनच्या फिल्टरमागे पाईपात पांढऱ्या फडक्याने बोट फिरवा, जे लागेल ते सिलिंडरच्या भिंती घासतंय समजा. सगळेच फिल्टर वाईट असं नाही म्हणत, पण स्वस्तातला कोन म्हणजे गाळणी आहे, चहाची.

ठाण्याहून_सप्रेम · मंगळवार, सायं. ५:१०

एक प्रामाणिक शंका. काका म्हणाले पुण्याचा दाब साडेनऊ मीटर पाणी. समुद्रसपाटीला तो दहा मीटरच्या वर असतो ना? मग बोरघाट उतरून आमच्याकडे आलात तर गाडीला फुकट ६ टक्के पॉवर. १४ हजार वाचले, टोल भरा आणि या.

स्पॅनर_काका · मंगळवार, सायं. ५:२५

हिशोब बरोबर आहे! पुणे साधारण ५६० मीटर उंच, दाब ६ टक्क्यांच्या आसपास कमी. महाबळेश्वरला १३०० च्या वर उंची, तिथे तर १५ टक्क्यांपर्यंत जातो. कुठल्याही फिल्टरपेक्षा घाट जास्त देतो आणि जास्त घेतो.

सदाशिव_पेठकर · मंगळवार, सायं. ५:४०

क्षमस्व, पण मुंबईच्या हवेत हवा कमी आणि घाम जास्त. पावसाळ्यात ३० डिग्री आणि ८० टक्के दमटपणा असला की हवेच्या दाबातला ३ टक्क्यांहून जास्त वाटा नुसत्या वाफेचा, ती काही पेट्रोल जाळत नाही. पुण्याची कोरडी हवा त्याच्या निम्म्यात असते. ६ तले दीड-दोन इथेच कापले. उरलेले ट्रॅफिकमध्ये उभं राहून कुठे वापरणार ते ठाणेकरांनी सांगावं.

ठाण्याहून_सप्रेम · मंगळवार, सायं. ५:४४

घोडबंदर रोडला. पहिल्या गिअरमध्ये.

चक्रधर · मंगळवार, सायं. ६:१५

रॅम एअर म्हणतात ते? पुढून वारा आत घुसवायचा?

लॅम्बडा · मंगळवार, सायं. ६:५०

१०० च्या स्पीडला वाऱ्याचा सगळा दाब आत पकडता आला तरी अर्धा टक्कासुद्धा होत नाही. खंबाटकीला ४० च्या स्पीडला तर सोडूनच द्या, दाब स्पीडच्या वर्गाने घटतो.

आणि ओम्या, मायलेजसाठी करत असशील तरी नको. २००९ मध्ये अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने तपासलं होतं, आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर चोंदला तरी मायलेज जवळपास तसंच राहतं, पिकअप मात्र मार खातो. कारण साधं आहे, रोजच्या चालवण्यात थ्रॉटल अर्धवट बंदच असतो, खरी अडवणूक तीच करतो.

ओम्या_स्विफ्टवाला · मंगळवार, रात्री ९:३०

बापरे, ऑफिसात होतो, एवढे प्रतिसाद! पाण्यात_म्हैस दादांचं वाचून बायकोने १४ हजाराचं नाव काढायचं नाही असं सांगितलंय. पण काकांची नळी डोक्यात बसलीय. बाबांकडे नळी आहे, बाथरूमच्या स्लोपसाठी आणलेली. रविवारी करतो.

गिअरवाली_गीता · मंगळवार, रात्री ९:३४

गिअर कितवा? आरपीएम किती?

चाकणची_पोलो · बुधवार, दुपारी १२:१०

सगळे नुसते आकडे लिहिताय, मजा पण काही असते की नाही. मला आवाज आवडतो, मी आवाजाचे पैसे दिले, बास. स्टॉक डब्याशेजारी जो रिकामा डबा जोडलेला असतो, रेझोनेटर, तो फक्त आवाज मारायला असतो, तो काढला की इंजिन गातं.

स्पॅनर_काका · बुधवार, दुपारी १२:४५

आवाजासाठी केलं असं म्हणणारा माणूस मला आवडतो, त्याच्याशी भांडण नाही. फक्त रेझोनेटर सगळीकडे निव्वळ आवाजापुरता नसतो. व्हॉल्व्ह उघडझाप करताना पाईपात दाबाच्या लाटा मागे-पुढे धावतात, लांबी आणि डबे बघून त्या लाटा कुठल्या आरपीएमला मदतीला येतील हे आम्ही टेस्ट सेलमध्ये महिनोन्महिने जुळवायचो. एकदा सहकाऱ्याने ५ सेंटिमीटर पाईप कापला, वरच्या आरपीएमला काटा हलला आणि आम्ही चहा मागवला. संध्याकाळी खालच्या आरपीएमची रीडिंगं बघितली आणि चहाचे पैसे त्याच्याकडून घेतले. चढावर ओम्याला खालचाच टॉर्क लागणार आहे.

ओम्या_स्विफ्टवाला · रविवार, सकाळी ११:५०

रिपोर्ट!! जरा लांब आहे.

पहाटे साडेपाचला मी आणि बाबा निघालो, मोकळा रस्ता बघून. बाबांनी पाण्यात जिलबीचा रंग टाकला, म्हणे नुसतं पाणी व्हिडिओत दिसणार नाही. फळी मांडीवर धरून बसले. पहिला रन, दुसरा गिअर, पाय तळाला, ५८०० पर्यंत. मी रस्त्याकडे बघतोय आणि बाबा ओरडतायत "चढलं चढलं चढलं". व्हिडिओ थांबवून बघितला, फरक ५१ सेंटिमीटर. पाच टक्क्यांच्या वर! मी म्हटलं गॅरेजवाला निम्मा तरी खरा होता.

मग घरी येऊन डब्याचे क्लिप उघडले. फिल्टर पिवळ्याचा काळा झालेला, तो अपेक्षित होता, शेवटचा कधी बदलला बाबांना आठवत नाही. पण फिल्टरच्या खाली, जिथे बाहेरची हवा येते तिथे, एक गादी होती. शेंगदाण्याची टरफलं, थर्माकोलचे दाणे, आमच्याच पायपुसण्याचे हिरवे धागे, आणि दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सोनेरी कागद. इतकं नीटनेटकं रचलेलं की काढायला वाईट वाटलं. मालक घरी नव्हते. नळीचं तोंड अर्ध्याहून जास्त बंद.

सगळं साफ केलं, कंपनीचा नवीन फिल्टर ३४० रुपये, परत तोच रस्ता. १४ सेंटिमीटर. म्हणजे दीड टक्का. कोन लावून जे काही मिळालं असतं ते या दीड टक्क्यातून.

सदाशिव_पेठकर · रविवार, दुपारी १२:०५

१४ हजाराचं काम ३४० रुपयांत झालं, उरलेल्यातून उंदराला नवीन पायपुसणं घ्या.

पाण्यात_म्हैस · रविवार, दुपारी १२:२०

भावा तू सुटलास. खरंच.

लॅम्बडा · रविवार, दुपारी १२:४०

मस्त डेटा. व्हिडिओ टाका ना इथे.

ओम्या_स्विफ्टवाला · रविवार, रात्री १०:१५

व्हिडिओत बाबा ओरडताना जे शब्द वापरलेत ते इथे चालणार नाहीत.

दुपारी लगेच सातारा गाठलं, तेवढीच माणसं, एसी चालू. गाडी मोकळी झालीय हे नक्की, सपाटीवर ओव्हरटेकला कळतं. पण खंबाटकीला खरं सांगू का, फार फरक नाही. अजून रडतेच. आता काय उरलं?

गिअरवाली_गीता · रविवार, रात्री १०:१९

सोमवारी रात्री १०:०३ ला, धाग्यावरच्या दुसऱ्याच प्रतिसादात, एक प्रश्न विचारला होता. मंगळवारी परत विचारला. मधे मुंबईचा दमटपणा, आरएक्स आणि उंदीर येऊन गेले. गिअर कितवा, आरपीएम किती?

ओम्या_स्विफ्टवाला · रविवार, रात्री १०:३१

सॉरी ताई 🙏 तिसरा. १८०० च्या आसपास. बाबांनी शिकवलंय की दोन हजाराच्या वर रेस केलं की पेट्रोल पितं.

गिअरवाली_गीता · रविवार, रात्री १०:५२

अहो त्या इंजिनाचा टॉर्क ११५ न्यूटन मीटरच्या आसपास आहे आणि तो ४००० ला मिळतो. १८०० ला भरल्या गाडीने तिसऱ्यात चढ म्हणजे तुम्ही त्याला झोपेतून उठवून पोतं उचलायला सांगताय. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. तेवढ्याच टॉर्कला १८०० च्या जागी ३६०० फेरे झाले की पॉवर दुप्पट, १०० टक्के, फिल्टरवाले दीड टक्क्यावर आठवडाभर भांडले.

माझी पण याच इंजिनाची गाडी आहे, दर पावसाळ्यात वरंधा आणि ताम्हिणी करते. चढ सुरू व्हायच्या आधी दुसरा टाका, वळण संपायची वाट बघू नका. ३००० ते ४००० मध्ये ठेवा. आवाज होईल, होऊ दे, रेड लाईन सहा हजारांच्या वर आहे. फार तीव्र चढ आला तर तेवढ्यापुरता एसी बंद. आणि टायरमधली हवा बघा, पायपुसणं गेल्याचं महिनोन्महिने कळलं नाही म्हणजे हवाही बघितली नसेल.

नाना_पेठ_आरएक्स · रविवार, रात्री ११:००

ताई 🫡 आम्ही सगळे बोनेटमध्ये घुसलो होतो.

चाकणची_पोलो · रविवार, रात्री ११:०६

३६०० ला इनटेकचा आवाज पण छान येतो हां.

ओम्या_स्विफ्टवाला · पुढचा शनिवार, रात्री ८:४५

खंबाटकी, दुसरा गिअर, ३४००, एसी चालू. दोन ट्रक आणि ती एसटी (तीच असावी असं मी धरतोय) मागे. बाबा मागच्या सीटवरून पूर्ण घाटभर "अरे गिअर टाक, इंजिन फुटेल" म्हणत होते. मायलेज ट्रिपमीटरवर जिथे होतं जवळपास तिथेच.

शेवटची शंका, मग धागा सोडतो. आज डबा उघडून बघितला, दोन टरफलं परत आलीत. तोंडाला जाळी लावू का? घरात मच्छरदाणीची जाळी आहे.

स्पॅनर_काका · रविवार, सकाळी ६:०५

मच्छरदाणीची नको. आपल्याकडच्या धुळीने महिन्याभरात लिंपून बंद होईल आणि परत ५१ वर जाशील. पाव इंची चौकोनाची जाड तारेची जाळी घे, हार्डवेअरवाल्याकडे फुटावर मिळते. तोंडावर ताणून बसवू नकोस, थोडी फुगवून टोपीसारखी बसव म्हणजे हवेला जागा जास्त राहते, आणि तारेचं एकही टोक आत सुटं ठेवू नकोस. बसवली की नळी लावून परत मोज, १४ चे १५ झाले तर चालेल.

उंदीर दुसरीकडे बघेल जागा. या भागात भाडं परवडतंय कुणाला.